दुबईतल्या शाळेची नोकरी सोडून कायमचं परतताना: कशाच्या आधी काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुबईतल्या सीबीएसई शाळेत सहा वर्षं गणित शिकवणाऱ्या एक शिक्षिका मार्चअखेर नोकरी सोडून कायमच्या पुण्याला परतणार आहेत. नवरा आणि आठवीतली मुलगी त्यांच्याच व्हिसावर आहेत. घर भाड्याचं, एक क्रेडिट कार्ड, भारतात एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं, परदेशातली कमाई रुपयांत ठेवायचं) आणि त्यात मुदत ठेवी. राजीनामा कधी द्यायचा, ग्रॅच्युइटीचा हिशेब बरोबर आहे हे कसं तपासायचं आणि कामांचा क्रम काय ठेवायचा, असं त्यांनी विचारलं आहे.

क्रमाचंच आधी सांगतो, कारण परतणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी क्रम चुकल्यानं होते. दुबईतलं तुमचं बँक खातं, मोबाइल नंबर, वीज-पाण्याचं कनेक्शन, घराची इजारी (भाडेकराराची सरकारी नोंदणी), यूएई पास (सरकारी सेवांसाठीची डिजिटल ओळख) हे सगळं एमिरेट्स आयडी या तिथल्या ओळखपत्रावर उभं आहे आणि एमिरेट्स आयडी व्हिसावर. व्हिसा रद्द झाला की हे एकेक करून लंगडं पडायला लागतं. म्हणून कामांची यादी करताना प्रत्येक कामापुढे एवढंच लिहा: व्हिसा चालू असताना की नंतर. बहुतेक कामं पहिल्या रकान्यात जातात. बरेच जण उलटं करतात. एचआरचा फोन आला म्हणून आधी रद्दीकरणावर सही करतात आणि मग मुलांच्या दाखल्यावर शिक्का, बँकेचं पत्र, घराची अनामत यांच्या मागे धावतात.

राजीनामा

२ फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्यानुसार नोटिशीची मुदत ३० ते ९० दिवसांच्या आत करारात जी लिहिली असेल ती. शिक्षकांच्या करारात बहुधा ६० किंवा ९० असते. मोहरेकडे, म्हणजे तिथल्या कामगार मंत्रालयाकडे नोंदवलेला करार काढून बघा. शाळेच्या ऑफर लेटरमधला आकडा आणि त्यातला आकडा कधीकधी वेगळा निघतो. ३१ मार्च शेवटचा दिवस हवा असेल आणि नोटीस ९० दिवसांची असेल तर राजीनामा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायला हवा. हिवाळी सुट्टी नेमकी तेव्हाच असते, कार्यालय बंद असतं, म्हणून सुट्टी लागायच्या आधीच ईमेलनं द्या. उत्तरात दोन गोष्टी लेखी मागा: राजीनामा स्वीकारला आणि कामाचा शेवटचा दिवस अमुक. मुख्याध्यापक तोंडी ‘हो’ म्हणाले याला पुढे कुणी विचारत नाही. नोटीस अपुरी पडली तर जितके दिवस कमी, तितक्या दिवसांचा पगार तुम्ही द्यायचा, आणि तो बेसिकवर नाही, पूर्ण पगारावर मोजतात.

मार्चअखेर ही वेळ तुम्ही योग्यच निवडली आहे. दुबईतल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे शाळेची अडचण होत नाही आणि मुलीचं वर्षही पूर्ण होतं. जूनअखेर सोडणाऱ्यांचा जुलै-ऑगस्टच्या सुट्टीच्या पगारावरून शाळेशी वाद होतो, तोही टळतो. एक मात्र लक्षात ठेवा: सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो. त्या काळात सरकारी कार्यालयांची वेळ कमी असते आणि ईदला सलग सुट्ट्या असतात. शिक्क्यांची कामं जानेवारीतच उरकून घ्या.

ग्रॅच्युइटी आणि हिशेब

भारतात ग्रॅच्युइटीसाठी १५ दिवस भागिले २६ हे सूत्र डोक्यात बसलेलं असतं. दुबईत ते विसरा. तिथे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा बेसिक पगार. दिवसाचा पगार काढायला ३० ने भागायचं. बेसिक शेवटचा धरायचा. पहिल्या वर्षी तो कमी होता तरी सगळ्या वर्षांना शेवटचाच लागतो.

समजा पगार ७,५०० दिरहॅम आहे; त्यात बेसिक ४,०००, घरभाडं २,५००, प्रवास १,०००. दिवसाचा बेसिक १३३.३३. त्याचे २१ दिवस म्हणजे २,८००. पाच वर्षांचे १४,०००. सहाव्या वर्षाचे ३० दिवस म्हणजे ४,०००. एकूण १८,०००. पूर्ण पगारावर हिशेब करून ३३,७५० ची अपेक्षा धरणारे बरेच असतात आणि शाळेनं फसवलं म्हणून चिडतात. शाळेनं फसवलेलं नसतं. बेसिक कमी ठेवण्याचा फायदा शाळेला शेवटी असा मिळतो, आणि करारावर सही करताना तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

खरी चूक सापडते ती पुढच्या तीन ठिकाणी. एक, बिनपगारी रजेचे दिवस सेवेतून वजा होतात. ते किती धरलेत ते तुमच्या नोंदीशी ताडून बघा. दोन, अपूर्ण वर्षाचे पैसे प्रमाणात मिळतात. तुम्ही ८ एप्रिलला रुजू झाला असाल तर ३१ मार्चला सहावं वर्ष आठवडाभरानं अपुरं राहतं, पण म्हणून ते पूर्ण वर्ष उडवायचं नसतं, तेवढा आठवडाच कमी करायचा. तीन, एकाच संस्थेच्या एका शाळेतून दुसऱ्या शाळेत तुमची बदली झाली असेल तर व्हिसा नव्या परवान्यावर गेलेला असतो. तेव्हा जुन्या सेवेची ग्रॅच्युइटी दिली होती की सेवा पुढे जोडली, हे कागदावर दाखवायला सांगा. इथेच दोन-तीन वर्षं गळतात.

राजीनामा दिला म्हणून रक्कम कापता येत नाही. जुन्या कायद्यात तीन वर्षांच्या आत राजीनामा दिला तर एक तृतीयांश आणि तीन ते पाच वर्षांत दोन तृतीयांशच मिळायची. ते आता गेलं, पण काही लेखापालांच्या डोक्यात अजून तेच आहे. व्हिसाचा किंवा भरतीचा खर्च अखेरच्या हिशेबातून वजा करणंही कायद्याला मान्य नाही. तसा रकाना दिसला तर सही न करता लेखी विचारा.

ग्रॅच्युइटीशिवाय हिशेबात मार्चचा पगार, न घेतलेल्या वार्षिक रजेचे पैसे (हे बेसिकवर) आणि परतीचं तिकीट यायला हवं. शिक्षकांच्या बाबतीत शाळा जुलै-ऑगस्टची सुट्टी हीच वार्षिक रजा धरतात. सप्टेंबर ते मार्चच्या वाट्याची रजा उरते की नाही, हे करारातल्या एका वाक्यावर ठरतं. ते वाक्य हातात घेऊनच बोला. मुलगी त्याच शाळेत असेल तर कर्मचारी म्हणून मिळणारी फीची सवलत कुठल्या तारखेपर्यंत धरली आहे तेही बघा. सवलत महिनाभर आधीच तोडून उरलेली फी हिशेबातून वळती केल्याचं आढळतं.

सगळी देणी नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत द्यायची असं कायदा म्हणतो. अडचण अशी की व्हिसा रद्द करण्याच्या अर्जात ‘माझे सर्व हक्काचे पैसे मिळाले’ असं एक वाक्य असतं आणि शाळा आधी सही मागते, पैसे नंतर देते. पैसे खात्यात जमा झाल्यावर सही करणं सर्वांत चांगलं. शाळा ऐकत नसेल तर निदान रकमांचा तपशील, शिक्का आणि पैसे देण्याची तारीख असलेला कागद हातात आल्याशिवाय सही करू नका. वाद झालाच तर तक्रार मोहरेकडे करायची. ५०,००० दिरहॅमपर्यंतच्या दाव्यावर मोहरे स्वतः निर्णय देऊ शकतं, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर दावा करायची मुदत नोकरी संपल्यापासून दोन वर्षं आहे. पण देश सोडल्यावर ही लढाई फार जड जाते, म्हणून तिथे असतानाच निकाली काढा.

नोकरी गेल्यास मिळणारा जो सक्तीचा विमा आहे, आयएलओई, त्याचे हप्ते भरलेले आहेत का ते आत्ताच पाहा. १६,००० पर्यंत बेसिक असलेल्यांना महिना फक्त ५ दिरहॅम, पण विसरल्यास दंड २०० ते ४०० चा, आणि तो नेमका कामाचा परवाना रद्द करताना समोर येतो. राजीनामा देणाऱ्याला या विम्याचा लाभ मिळत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

शाळेतून सुटताना

क्लिअरन्स फॉर्मवर ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक विभाग, लेखा, वाहतूक, अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निकालपत्रकांच्या गडबडीत कुणी जागेवर सापडत नाही. ग्रंथालय आणि पाठ्यपुस्तकांची सही फेब्रुवारीतच घ्या; तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ज्यांच्या ताब्यात दिले त्यांची तारखेसह पोच घ्या. पुढे एखाद्या पालकानं गुणांवर हरकत घेतली तर ती पोच उपयोगी पडते. शाळेच्या ईमेलवरचे तुमचे पगारपत्रक, करार, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं स्वतःच्या खात्यात उतरवून घ्या, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते खातं बंद होतं. स्वतः केलेल्या प्रश्नपेढ्या नेण्याआधी विचारा. मुलांची नावं-गुण असलेलं काहीही नेऊ नका.

अनुभवाचा दाखला विनामूल्य मागणं हा तुमचा हक्क आहे. पण शाळा देते तो दोन ओळींचा असतो, ‘अमुक ते अमुक काळात शिक्षिका होत्या’. पुण्यातल्या चांगल्या शाळेत वेतनश्रेणी ठरवताना त्याचा उपयोग होत नाही. त्यात पद, विषय, इयत्ता (सहावी ते आठवी की नववी-दहावी, हे फार महत्त्वाचं), अभ्यासक्रम, मंडळाचा संलग्नता क्रमांक, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, रुजू आणि मुक्त होण्याची तारीख, शेवटचा पगार, एवढं हवं. मजकूर तुम्हीच लिहून द्या, शाळा सही करते. विभागप्रमुख पद सांभाळलं असेल तर तारखांसह वेगळी ओळ घाला.

या दाखल्याची एक प्रत साक्षांकित करून आणा. संयुक्त अरब अमिरातीत अपोस्टिल पद्धत नाही, म्हणून मार्ग लांबचा आहे: शाळा, मग दुबईचं शिक्षण प्राधिकरण केएचडीए, मग तिथलं परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी भारतीय वाणिज्य दूतावास. भारतातल्या खासगी शाळा बहुधा साध्या दाखल्यावरच काम भागवतात, पण उद्या परत आखातात किंवा दुसऱ्या देशात जायचं ठरलं तर साक्षांकित प्रत लागते आणि भारतात बसून एजंटाकरवी ती मिळवणं महाग पडतं. पोलिसांचं वर्तणूक प्रमाणपत्रही याच कारणासाठी व्हिसा चालू असताना यूएई पासवरून काढून ठेवा. आणि तुमच्या बी.एड.च्या मूळ प्रमाणपत्रामागे साक्षांकनाचे स्टिकर आहेत. ते जपायचे म्हणून लॅमिनेट करायला जाऊ नका. लॅमिनेट केलेल्या कागदावर पुढचा शिक्का बसत नाही.

भारतात कुठे नोकरी शोधायची तेही आधी ठरवा. सीबीएसई आणि इतर विनाअनुदानित शाळा थेट मुलाखतीनं घेतात आणि त्यांच्या मुलाखती फेब्रुवारी-मार्चमध्येच असतात, म्हणजे दुबईत असतानाच ऑनलाइन मुलाखत द्यावी लागेल. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून टीएआयटी या अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. तिथे परदेशातल्या अनुभवाची फारशी मदत होत नाही.

मुलीचा दाखला

आठवी संपवून नववीत जाणं ही बदलाची शेवटची सोपी वेळ. नववीत सीबीएसईची नोंदणी होते आणि दहावीत थेट प्रवेश फक्त नववी मंडळाच्याच शाळेत झालेल्याला, पालकांच्या बदलीसारख्या कारणानं आणि मंडळाच्या परवानगीनं मिळतो. वर्षभर थांबण्याचा विचार असेल तर सोडून द्या.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर केएचडीएचा शिक्का घ्या. अबुधाबीत हे काम एडीईके आणि शारजात एसपीईए करतं. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास. पुण्यातली काही महाविद्यालयं आणि राज्य मंडळाच्या शाळा हा शेवटचा शिक्का मागतात, काही मागत नाहीत. जिथे प्रवेश घ्यायचा तिथे आधी विचारून घ्या, पण शंका असेल तर करून टाका. दाखल्यावरचं नाव पासपोर्ट आणि आधारशी अक्षरशः जुळतं का बघा. आखातातल्या शाळा आडनाव आधी की वडिलांचं नाव आधी यात हमखास घोळ घालतात, आणि इथल्या लिपिकाला तेवढं कारण पुरतं. दाखला मिळायला शेवटच्या सत्राची फी पूर्ण भरलेली लागते. गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाचं कार्ड त्याच फाइलमध्ये ठेवा.

घर, बँक आणि मोबाइल

करार संपायच्या तारखेशी जाण्याची तारीख जुळत नसेल तर मध्येच सोडण्याचा दंड करारात असतो, बहुतेकदा दोन महिन्यांचं भाडं. तो आत्ताच वाचा, घरमालकाशी लेखी ठरवा. पुढच्या तारखांचे चेक दिलेले असतील तर किल्ली देताना ते परत घ्या, अनामतीचा चेकसुद्धा. रंगकामाचे पैसे बहुतेक मालक कापतात. भिंतीवरचे खिळे, मुलीच्या खोलीतले स्टिकर स्वतः काढून, भोकं भरून, प्रत्येक खोलीचे फोटो तारखेसह काढून ठेवलेत तर रक्कम कमी होते.

दुबईच्या वीज-पाणी प्राधिकरणाचं, म्हणजे ‘देवा’चं कनेक्शन सोडण्याचा अर्ज ऑनलाइन होतो. फ्लॅटसाठी भरलेली अनामत २,००० दिरहॅम आणि व्हिलासाठी ४,०००. शेवटचं बिल वजा होऊन उरलेली रक्कम परत येते. ती तिथल्या बँक खात्यात घेणं सोपं, म्हणून बँक खातं यानंतर बंद करायचं. इजारी रद्द करायलाही शेवटचं बिल लागतं. इमारतीत थंड हवेसाठी आणि गॅससाठी वेगळ्या कंपन्या असतील तर त्यांच्या अनामती वेगळ्या असतात आणि त्याच लोक विसरतात.

क्रेडिट कार्ड मात्र खूप आधी, निघण्याच्या दीडएक महिना अगोदर बंद करा. बंद केल्यावरही एखादं वर्गणीचं बिल मागाहून येतं, आणि म्हणून बँका काही आठवडे खातं राखून ठेवतात. अखेरच्या हिशेबाची रक्कम खात्यात आली की बँकेला ते कळतं. कर्ज किंवा कार्डाची बाकी असेल तर बँक ती रक्कम अडवून धरते. कार्ड बंद झालं, बाकी शून्य, असं ना-देणे पत्र हातात असेल तर हा प्रकार होत नाही. बाकी ठेवून निघून जाणं हा विचारही नको. तिथे थकबाकीवरून प्रवासबंदी लागू शकते, आणि ती विमानतळावर कळते.

मोबाइलचं पोस्टपेड बंद करून तोच नंबर प्रीपेड करा आणि भारतात रोमिंगवर काही महिने जिवंत ठेवा. बँकेचे, देवाचे, यूएई पासचे सगळे ओटीपी त्यावर येतात. घरच्या इंटरनेटचा करार वर्षा-दोन वर्षांचा असतो, मध्येच तोडल्यास शुल्क. व्हिसा रद्द झाल्याचा कागद दाखवल्यावर काही वेळा ते माफ होतं, म्हणून विचारायला हरकत नाही.

व्हिसा

आता ही पायरी. क्रम असा: नवऱ्याकडे स्वतःचा कामाचा परवाना असेल तर आधी तो रद्द, मग नवऱ्याचा आणि मुलीचा आश्रित व्हिसा, मग तुमचा कामाचा परवाना आणि शेवटी तुमचा निवासी व्हिसा. तुमच्यावर आश्रित असलेले व्हिसा चालू असताना तुमचा रद्द होत नाही. आश्रितांचे व्हिसा तुम्ही टायपिंग सेंटरमधून करायचे, तुमचा शाळा करते. (ज्या शिक्षिका नवऱ्याच्या व्हिसावर राहून शाळेत काम करतात त्यांना हा सगळा खटाटोप नाही. फक्त कामाचा परवाना रद्द होतो.)

रद्द झाल्यावर देशात राहायला किती दिवस मिळाले ते कागदावर छापलेलं असतं. व्हिसाच्या प्रकारानुसार ते बदलतं, शेजारणीला मिळाले तेवढेच मिळतील असं धरू नका. मुदत ओलांडली तर माणशी रोज ५० दिरहॅम दंड. व्हिसाबरोबर शाळेचा आरोग्य विमाही जातो, तेव्हा दातांची कामं, चष्मे, नेहमीच्या औषधांचा साठा आधीच करून घ्या.

‘रद्द न करताच जाऊ, सहा महिने बाहेर राहिलं की आपोआप जाईल’ असा सल्ला देणारे भेटतील. तसं करू नका. शाळेनं गैरहजेरीची नोंद केली तर पुढे तिथल्या व्हिसाला अडचण येते.

सामान

दुबई आणि भारतातला वीजदाब सारखाच, त्यामुळे मिक्सर, इस्त्री चालतात. फक्त चौकोनी पिनांचा प्लग बदलावा लागतो. तरी मोठी उपकरणं नेऊ नका. सीमाशुल्क, वाहतूक आणि पुण्यात दुरुस्तीची सोय नसणं हे जमेस धरलं तर टीव्ही-फ्रिज तिथेच विकलेले बरे. समुद्रमार्गे खोकी पाठवणार असाल तर प्रत्येक खोक्यावर नंबर आणि आत काय आहे त्याची यादी, ‘घरगुती सामान’ असं मोघम नाही. न्हावा शेव्याला सोडवताना तुमचा पासपोर्ट लागतो, म्हणून खोकी तुमच्या येण्याच्या आसपासच निघतील असं बघा.

सोन्याबद्दल: वर्षापेक्षा जास्त परदेशात राहिलेल्या स्त्रीला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात. दागिने म्हणजे दागिने. नाणी आणि बिस्किटं यात धरत नाहीत. लग्नातले दागिने घालून गेला असाल तर त्यांची जुनी बिलं किंवा फोटो जवळ ठेवा. रोख परकीय चलनी नोटा ५,००० डॉलरच्या किमतीपेक्षा जास्त असतील तर भारतात उतरल्यावर जाहीर कराव्या लागतात, आणि दुबईतून निघताना ६०,००० दिरहॅमच्या वर. खरं तर एवढी रोख नेण्याचं कारणच नाही, बँकेतून पाठवा.

भारतातला कर: दिवस मोजा

इथे तुमच्या बाजूनं बरंच आहे, पण मोजून घ्यायला हवं. परतल्यावर तुम्ही आयकराच्या दृष्टीनं निवासी होता. मात्र आधीच्या सात आर्थिक वर्षांत भारतातले एकूण दिवस ७२९ किंवा त्याहून कमी असतील तर ‘आरएनओआर’ हा मधला दर्जा मिळतो आणि परदेशातलं उत्पन्न (भारतात चालवलेल्या धंद्याचं सोडून) इथे करपात्र होत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परतलात असं धरू. मागची सात वर्षं म्हणजे एक भारतातलं पूर्ण वर्ष, ३६५ दिवस, आणि सहा वर्षं दुबईची. दर उन्हाळ्यात ५० दिवस आला असाल तर ३०० अधिक ३६५, म्हणजे ६६५. पार. ६० दिवसांनी मोजलं तर ७२५. चारच दिवसांची फट, आणि मध्ये कुणाच्या लग्नाला आठवडाभर आला असाल तर दर्जा गेला. उतरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. जुने पासपोर्ट काढा, मुंबईचे शिक्के वहीत उतरवा आणि सनदी लेखापालाकडे तो कागद घेऊनच जा. ५० दिवसांच्या हिशेबानं दुसऱ्या वर्षीही हा दर्जा टिकतो, तिसऱ्या वर्षी संपतो.

तुमच्याबरोबर तीनच वर्षं काढून परतणारी एखादी सहकारी असेल तर तिला वेगळं सांगा. तिची भारतातली वर्षं अजून ताजी असल्यानं हा दर्जा मिळत नाही. शिवाय मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात असल्यानं, उन्हाळ्यातले ५० दिवस आणि मार्चच्या मध्यात परत येऊन झालेले १५-१६ मिळून साठी ओलांडली की त्या संपूर्ण वर्षाच्या दुबईच्या पगारावर कराचा प्रश्न उभा राहू शकतो. दोन्ही देशांतल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारातल्या तरतुदींचा आधार घेऊन भांडता येतं, पण १ एप्रिलनंतरचं तिकीट काढणं त्याहून स्वस्त. तुम्हाला ही भीती नाही, तरी पाडवा गाठायचाच असेल तर तारीख बघून ठरवा.

आता एनआरई ठेवी. परकीय चलन कायद्यानुसार कायमचं राहण्याच्या इराद्यानं परतलात की त्याच दिवसापासून तुम्ही निवासी. एनआरई खातं निवासी किंवा आरएफसी (परतलेल्यांचं परकीय चलनातलं खातं) करून घ्यावं लागतं आणि एनआरई ठेवीवरच्या व्याजाची करमाफी तिथेच थांबते. आरएनओआर असल्यानं ती वाचते, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक. एफसीएनआर ठेव (अनिवासींची परकीय चलनातली मुदत ठेव) मात्र मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, आणि तिच्या किंवा आरएफसी खात्याच्या व्याजावरची माफी आरएनओआर असेपर्यंत टिकते. ग्रॅच्युइटी उशिरा येणार असेल तर आरएफसी खातं उघडून त्यात घेता येते. म्युच्युअल फंड आणि डीमॅटची केवायसी निवासी म्हणून बदलायची हे बँकेच्याच फेरीत करा.

राहिला आरोग्य विमा. भारतातली पॉलिसी परतल्यावर घेऊ असं म्हणू नका. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तिघांची पॉलिसी जानेवारीतच, दुबईत असताना घेतलीत तर शाळेचा विमा संपायच्या आत ३० दिवस उलटलेले असतात. मधुमेह, रक्तदाब काही असेल तर तिथल्या डॉक्टरांच्या तारीखवार नोंदी मागून घ्या आणि अर्जात ते स्पष्ट लिहा; लपवलेला आजार दाव्याच्या वेळी सापडतो, आणि तेव्हा कंपनी पूर्ण पॉलिसीच नाकारते.